पाळणाघराचा परवाना कुठल्या टेबलावर मिळतो?

गेल्या महिन्यात ओळखीच्या एका मुलीसाठी तीन कचेऱ्या आणि एक ऑनलाइन सेवा केंद्र फिरले. त्यातून जे कळलं ते इथे लिहितेय. थोडं मोठं झालंय, पण घरात लहान मूल असेल किंवा येणार असेल तर शेवटपर्यंत वाचा.

ही मुलगी तिशीतली. डी.एड. झालेली, शिक्षक भरतीची वाट बघून थकलेली. नवरा एमआयडीसीत कंत्राटी कामाला. सासऱ्यांनी खालच्या मजल्यावरच्या दोन खोल्या रिकाम्या करून दिल्या, म्हणाले, काय करायचं ते कर. तिला पाळणाघर काढायचंय. मला म्हणाली, "ताई, तुम्ही पेपरवाल्या. परवाना कुठे मिळतो तेवढं सांगा. मला सगळं रीतसर करायचंय."

आपल्याकडे दुकान आधी उघडतं, कागद मागून येतात. कधीकधी येतही नाहीत. अशात कोणी आपणहून रीतसर करायचं म्हणतंय तर मदत करावी, म्हणून निघालो दोघी.

पहिली नगरपरिषद. टेबलावरच्या माणसाने नीट ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मॅडम, जागा घरगुती वापराची आहे. व्यवसाय दाखवला तर घरपट्टी व्यापारी दराने लागेल. बाकी पाळणाघराला आमच्याकडून काही लागत नाही." म्हणजे त्यांच्या लेखी हा घरपट्टीचा प्रश्न.

दुसरं, पंचायत समितीतला शिक्षण विभाग. तिथे पहिला प्रश्न, "मुलं किती वर्षांची?" तीन ते सहा असतील तर २०२५ पासून खासगी पूर्वप्राथमिक वर्गांनी शालेय शिक्षण विभागाच्या पोर्टलवर नोंदणी करायची आहे. नर्सरी, ज्युनियर, सिनियर केजी त्यात आले. हिच्याकडे येणारी मुलं सहा महिन्यांपासून अडीच वर्षांपर्यंतची. "मग आमचा संबंध नाही."

तिसरं, बालविकास प्रकल्प कार्यालय. तिथल्या बाई चांगल्या होत्या, चहा पाजला. पण उत्तर तेच. "आम्ही आमच्या अंगणवाड्या बघतो. खासगी आमच्याकडे येत नाही." केंद्र सरकारची 'पाळणा' योजना आहे, तीत अंगणवाडीलाच जोडून पाळणाघर चालवता येतं. पण ते सरकारी. हिच्या दोन खोल्यांसाठी तिथेही रकाना नाही.

शेवटी बसस्टँडजवळचं ऑनलाइन सेवा केंद्र. तिथला पोरगा एकदम खूश. "शॉप अ‍ॅक्ट काढून देतो ना! आधार आणि लाइट बिल द्या. पाचशे रुपये, उद्या या." सगळ्या प्रवासात "हो" म्हणणारा हाच एक भेटला.

आता हा शॉप अ‍ॅक्ट काय आहे ते समजून घेऊ, कारण गावातल्या बऱ्याच पाळणाघरांच्या आणि प्लेग्रुपच्या भिंतीवर तोच फ्रेम करून लावलेला असतो. आपल्याला वाटतं सरकारने तपासून परवानगी दिली. तसं नाही. २०१७ च्या महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायद्यानुसार वीसपेक्षा कमी माणसं कामाला असतील तर नोंदणी लागतच नाही. व्यवसाय सुरू केल्याची ऑनलाइन सूचना द्यायची, पावती मिळते. जागा बघायला कोणी येत नाही. हाच कागद मोबाइल रिपेअरिंगच्या दुकानात असतो, झेरॉक्सवाल्याकडे असतो. उद्यम नोंदणीचंही तेच, आपणच आपली माहिती भरायची. दोन्ही कागद खरे आहेत, बेकायदा काही नाही. पण खोलीत मुलं सुरक्षित आहेत की नाही, याबद्दल त्यात एक अक्षर नाही.

मग मी कायदे काढून बसले. सवय आहे, डिप्लोमाला एक सर होते, "अधिकारी काय म्हणतो ते लिहा, पण कागद स्वतः वाचा" म्हणायचे.

शिक्षण हक्क कायदा सहा ते चौदा वयासाठी. मान्यतेशिवाय शाळा चालवली तर एक लाखापर्यंत दंड आहे, पण तो शाळेला. बाल न्याय कायदा, २०१५ मध्ये संस्थांच्या नोंदणीची सक्ती आहे, न करणाऱ्याला शिक्षाही आहे. पण ती अनाथ, निराधार, काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलांच्या निवासी संस्थांसाठी. संध्याकाळी सहाला आईबरोबर घरी जाणारं मूल त्यात बसत नाही. २०१७ मध्ये प्रसूती लाभ कायदा बदलला, ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघराची सोय मालकाने करायची, आईला दिवसातून चार वेळा मुलाला भेटू द्यायचं. तीच तरतूद आता सामाजिक सुरक्षा संहितेत आहे. २०१८ मध्ये केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने अशा पाळणाघरांसाठी किमान मार्गदर्शक सूचनाही काढल्या. चांगल्या आहेत, पण त्या कंपन्यांच्या पाळणाघरांसाठी. आपल्या गावात पन्नास माणसं कामाला असलेल्या जागा बोटावर मोजण्याएवढ्या.

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेतला प्रकार उघड झाला. त्यानंतर सीसीटीव्ही, कर्मचाऱ्यांची पडताळणी, सखी सावित्री समिती असे आदेश निघाले. तेही शाळांसाठी.

थोडक्यात, तीन वर्षांच्या वरचं मूल शिक्षण खात्याचं, अंगणवाडीतलं बालविकास विभागाचं, कंपनीतलं कामगार खात्याचं. आणि तीन वर्षांच्या आतलं, खासगी पाळणाघरातलं मूल? ज्याला बोलता येत नाही, दुपारी काय झालं हे जे घरी येऊन सांगू शकत नाही, ते कोणाचंच नाही.

खानावळ काढायची तर अन्न नोंदणी लागते. रिक्षाला परमिट लागतं, चालवणाऱ्याला बिल्ला लागतो. दहा तान्ही मुलं दहा तास सांभाळायला आपल्याकडे कोणाला काही विचारावंच लागत नाही.

यावर कोणी म्हणेल, गुन्हा झाला तर कायदा आहे की. आहे. बाल न्याय कायद्याच्या कलम ७५ खाली मुलाशी क्रूरपणे वागणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. मुलं सांभाळणाऱ्या संस्थेतल्याच कर्मचाऱ्याने केलं तर पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाखांपर्यंत दंड. पॉक्सो आहे. पण हे सगळे कायदे इजा झाल्यावर येतात. २०१६ मध्ये खारघरच्या पाळणाघरात दहा महिन्यांच्या मुलीला झालेली मारहाण सीसीटीव्हीत सापडली, ते चित्रण आपण सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. तेव्हा राज्यभर चर्चा झाली, पाळणाघरांना नियम हवेत म्हणून. चर्चा संपली, आणि मी आज अजून टेबलं शोधतेय.

आपल्या गावातलंही एक सांगते. काही वर्षांपूर्वी दोन वर्षांचा एक मुलगा पाळणाघराचं दार उघडं राहिलं म्हणून बाहेर पडला आणि चालत चालत बसस्टँडच्या तोंडाशी पोचला. एका कंडक्टरने उचलून कंट्रोलरच्या केबिनमध्ये बसवला, म्हणून वाचला. बातमी मी केली होती. पोरगं सापडायला फार वेळ लागला नाही, पण ते कोणाचं हे कळायला दीड तास गेला. पाळणाघरात मुलांची यादी नव्हती, पालकांचे नंबर सांभाळणाऱ्या बाईच्या मोबाइलमध्ये आणि बाई बाजारात. प्रतिक्रियेसाठी मी तेव्हाही कार्यालयांना फोन केले होते. सगळीकडे एकच वाक्य ऐकलं, हे आमच्याकडे येत नाही. बातमी आतल्या पानावर एक कॉलम लागली.

इथपर्यंत वाचून कोणाला वाटेल, मग मागणी सोपी आहे. कडक परवाना आणा, सीसीटीव्ही सक्तीचा करा, नसेल त्याला सील ठोका. मला ते नको आहे. का ते सांगते.

माझी लेक यंदा दहावीला आहे. दीड वर्षाची असल्यापासून शाळेत जाईपर्यंत ती आमच्या गल्लीतल्या एका काकूंकडे असायची. पाच-सहा मुलं, एक मोठी खोली, मागे पेरूचं झाड. माझी डेडलाइन रात्री नऊची, मिस्टर दौऱ्यावर. काकूंनी कधी घड्याळ दाखवलं नाही. मी पोचायचे तेव्हा लेक वरण-भात खाऊन काकूंच्या मांडीवर झोपलेली असायची. काकूंकडे कुठलाही कागद नव्हता. त्या नसत्या तर मी पत्रकारिता सोडली असती.

उद्या सरकारने नियम काढला की अमुक चौरस फूट जागा, चार कॅमेरे, फायरचा दाखला, वर्षाला फी, तर पहिल्या बंद होतील त्या काकू. टिकतील ते रंगीत भिंतींचे, इंग्रजी नावाचे, ज्यांची महिन्याची फी नर्सबाईच्या किंवा कापड दुकानातल्या सेल्सगर्लच्या पगाराला परवडत नाही. मग त्या बाईला दोनच रस्ते. नोकरी सोडायची, नाहीतर पोराला सात वर्षांच्या ताईच्या भरवशावर घरात ठेवायचं. शिवाय तपासणीला येणारे साहेब आणि त्यांचं चहापाणी, हे मी वेगळं सांगायला नको. हॉटेलवाल्यांना विचारा.

म्हणून माझं म्हणणं असं, की लहान आणि मोठं वेगळं ठेवा. घरात पाच-सहा मुलं सांभाळणाऱ्या बाईला परवाना नको, नोंद हवी. एक पानी फॉर्म, फी शून्य. नाव, पत्ता, मुलं किती, वय काय, घरात आणखी कोण राहतं, पोलिसांकडची चारित्र्य पडताळणी झाली का, पालकांचे नंबर लिहिलेली वही आहे का. वर्षातून दोनदा अंगणवाडीची मुख्यसेविका आणि नगरपरिषदेच्या दवाखान्यातली सिस्टर एक चक्कर मारतील, दंड करायला नाही, बघायला आणि सांगायला. त्याच्यावर मुलं गेली, पगारी माणसं ठेवली, की मग रीतसर परवाना, जागेची आणि आगीची तपासणी, सगळं. तिथे सूट नको. २००४ मध्ये तमिळनाडूत कुंभकोणमला शाळेच्या आगीत ९४ मुलं गेली. अरुंद जिना, गवताचं छप्पर, खाली स्वयंपाक. लहान मुलं स्वतःहून बाहेर पळू शकत नाहीत, हे धरूनच नियम लिहावे लागतात.

राज्याचा नियम येईल तेव्हा येईल. पण नोंदवही ठेवायला नगरपरिषदेला मुंबईची वाट बघायची गरज नाही. महिला व बालकल्याण समिती आपल्याकडे आहे. अंदाजपत्रकात पाच टक्के निधी त्यासाठी राखायचा असतो, तो दरवर्षी शिलाई मशीन आणि ब्युटी पार्लरच्या प्रशिक्षणात संपतो. मशीन वाटा, माझी हरकत नाही. पण त्यातून प्रत्येक नोंदलेल्या पाळणाघराला एक अग्निशामक सिलिंडर, एक प्रथमोपचार पेटी आणि वर्षातून एक दिवसाचं प्रशिक्षण देता येईल. घास अडकला तर काय करायचं, ताप मेंदूत गेला तर काय करायचं, हे त्या बायकांना कोणीतरी शिकवायला हवं की नाही? असं काही मिळणार असेल तर काकूही नोंद करायला आपणहून येतील.

बालशिक्षणात आपला महाराष्ट्र मागे नव्हता हो. १९४५ मध्ये ताराबाई मोडक बोर्डीला गेल्या, त्यांच्याबरोबर अनुताई वाघ. पुढे कोसबाडला आदिवासी पाड्यांवर, झाडाखाली, अंगणात मुलं गोळा करून त्यांनी काम उभं केलं. एकात्मिक बालविकास योजना देशात २ ऑक्टोबर १९७५ ला आली, त्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. त्या राज्यात तीन वर्षांच्या आतलं मूल कुठल्या टेबलावर येतं हे सांगायला माणूस नसावा?

तोवर काय करायचं? आमच्या मुलीला मी हे सुचवलंय, इतर कोणी काढणार असेल तर त्यांनाही उपयोगी पडेल.

शॉप अ‍ॅक्टची सूचना द्या, पण तिला परवाना म्हणू नका. पुढे तीन वर्षांवरची मुलं घेऊन वर्ग सुरू केलात तर पोर्टलवर नोंदणी करा. जेवण तुम्ही देणार असाल तर अन्न नोंदणी घ्या. स्वतःची, मदतनीस बाईची आणि त्या वेळात घरात असणाऱ्या प्रत्येक मोठ्या माणसाची चारित्र्य पडताळणी काढा. सासरे असले तरी काढा, त्यात अपमान नाही. मुलाला न्यायला कोण येणार, त्यांची नावं आणि फोटो लिहून घ्या, तिसऱ्या माणसाच्या हाती मूल देऊ नका. लसीकरणाच्या कार्डाची झेरॉक्स ठेवा. दाराला मुलांचा हात पोचणार नाही अशी कडी, गॅस वेगळ्या खोलीत, पाण्याच्या टाकीला झाकण. २०१८ च्या त्या केंद्राच्या सूचना कंपन्यांसाठी असल्या तरी वाचा, नमुना म्हणून चांगल्या आहेत.

आणि पालकांनो, फ्रेममधला कागद बघून समाधान मानू नका. न सांगता दुपारी दोन वाजता एकदा जाऊन या. दार उघडायला किती वेळ लागतो, मुलं किती आणि मोठी माणसं किती, झोपलेली मुलं कुठे झोपलीत, ते बघा. आत येऊ देत नसतील तर तिथे मूल ठेवू नका. काही वावगं दिसलं तर १०९८ हा चाइल्ड हेल्पलाइनचा नंबर चोवीस तास चालू असतो.

येत्या सोमवारी सकाळी अकरा वाजता मी मुख्याधिकाऱ्यांना आणि महिला व बालकल्याण समितीच्या सभापतींना पाळणाघर नोंदवहीसाठी निवेदन देणार आहे. निवेदन एक पानी आहे, मागणी एकच. पाळणाघर चालवणाऱ्या ताई, काकू, तुम्ही जरूर या. हे तुमच्याविरुद्ध नाही. नोकरी करणाऱ्या आयांनो, अर्ध्या तासाची सवलत मिळत असेल तर सहीला या. पोराला ठेवायला कोणी नसेल तर कडेवर घेऊन या.