खारे पाणी, गोडे पाणी

तुम्ही समुद्र पाहिला आहे का? आमच्या मूर्तिजापूर भागातील पुष्कळ लोकांनी तो पाहिलेला नाही. समुद्र आमच्यापासून सुमारे ६०० किलोमीटर दूर आहे. पण गंमत अशी, की खारे पाणी मात्र आमच्या दारातच आहे. पूर्णा नदीच्या खोऱ्यातील आमचा भाग 'खारपाणपट्टा' म्हणून ओळखला जातो. येथील जमिनीखालच्या गाळात क्षार साठलेले आहेत. त्यामुळे विहिरींचे पाणी खारट लागते. त्या पाण्यात डाळ लवकर शिजत नाही आणि साबणाला फेसही येत नाही. माझ्या आईचे निम्मे आयुष्य लांबून गोडे पाणी आणण्यात गेले.

डिसेंबर २०२१ मध्ये मी आईला घेऊन रायगड जिल्ह्यातील मुरूडला गेलो. रेल्वेने कल्याण आणि पुढे एस.टी.ने पनवेल, अलिबाग, रेवदंडा असा आमचा प्रवास झाला. बरेच पर्यटक येथे सकाळी येतात, किल्ला पाहतात आणि संध्याकाळी परततात. आम्ही मात्र एका सुपारीच्या वाडीतील घरात पाच दिवस मुक्काम केला. आईचे वय सत्तर. तिला घाई सोसत नाही. खरे सांगू का? मलाही सोसत नाही.

पहिल्याच संध्याकाळी आई वाळूतून चालत पाण्यापर्यंत गेली. तिने बोट बुडवून जिभेला लावले आणि म्हणाली, "हे त आपल्या विहिरीचंच पानी हाय रे!" थोडे थांबून पुन्हा म्हणाली, "जरा जास्त खारं हाय."

दुसऱ्या दिवशी आम्ही त्याच वेळी तेथे गेलो, तर पाणी कालच्या जागी नव्हते. तिसऱ्या दिवशी आणखी वेगळे! साधारणपणे दिवसातून दोनदा भरती येते आणि दोनदा ओहोटी. चंद्रामुळे भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे जाते. हे पुस्तकात मी वाचले होते. पण डोळ्यांनी पाहायला तेथे राहावेच लागते. तेथील कोळी बांधव होडी केव्हा काढायची, ते भरती-ओहोटी पाहून ठरवतात. दोरीवर वाळत घातलेले बोंबील, जेवणात तांदळाची भाकरी, सगळेच आमच्यासाठी नवे होते. आईला ज्वारीच्या भाकरीची आठवण येई, ती गोष्ट निराळी.

चौथ्या दिवशी आम्ही राजपुरीहून शिडाच्या होडीने जंजिरा पाहायला निघालो. जंजिरा हा शब्द तर तुमच्या ओळखीचाच आहे. उर्दूत बेटाला तुम्ही 'जझीरा' म्हणता ना? तोच हा. मूळचे आफ्रिकेतून आलेले सिद्दी येथे राज्य करत होते. १९४८ साली ते संस्थान भारतात विलीन झाले. होडी अगदी जवळ जाईपर्यंत किल्ल्याचा दरवाजा कोठे आहे, ते कळतच नाही. आत 'कलाल बांगडी' नावाची प्रचंड तोफ आहे. सगळे पर्यटक तिच्याभोवती जमले होते. आई मात्र तेथील दगडी तलावाच्या पायरीवर बसून राहिली.

"हे पानी गोडं हाय?" तिने विचारले.

"हो, गोडे आहे. किल्ल्यात असे दोन तलाव आहेत," मी म्हणालो.

चारही बाजूंना समुद्र आणि मध्ये गोडे पाणी! आई बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "हे नसतं त तोफा घेऊन काय केलं असतं?" शिवाजी महाराज आणि संभाजी महाराज या दोघांनीही हा किल्ला घेण्याचा प्रयत्न केला, पण तो हाती आला नाही. त्याची कारणे मी वाचली होती. पाण्याचा विचार मात्र माझ्या मनात कधी आला नव्हता.

शेवटच्या दिवशी घरमालकांनी आम्हांला त्यांची वाडी दाखवली. ३ जून २०२० रोजी आलेल्या 'निसर्ग' चक्रीवादळात त्यांची बहुतेक झाडे मोडून पडली होती. आता तेथे गुडघ्याएवढी नवी रोपे डोलत होती. त्यांना फळ धरायला काही वर्षे लागणार होती.

"आजी, सुपाऱ्या लागल्या की पुन्हा या," घरमालक म्हणाले.

आईने बोटांवर वर्षे मोजली आणि ती हसली. "येईन न बाबू! पन तवर ह्या रोपायले पानी घालत जा."