जोडी जमविताना

परीक्षेत प्रश्नपत्रिका हाती पडली की प्रथम सूचना नीट वाचाव्यात, मगच लेखणी उचलावी, हे वाक्य मी गेली तीस वर्षे विद्यार्थ्यांना ऐकवीत आलो आहे. तेच स्वतःला ऐकविण्याची वेळ गेल्या पावसाळ्यात आली, आणि तीही घरच्या संगणकापुढे.

आमचे आजोबा होळकर संस्थानच्या नोकरीत कारकून होते. १९३१ पासून १९४८ साली संस्थान मध्यभारतात विलीन होईपर्यंत त्यांनी एक वही ठेवली. जमाखर्च, लग्नमुंजी, आजारपणे, कुणाला उसने दिले आणि कुणी बुडविले, सारे मोडीत. ही वही देवासला आत्याकडे असते. आत्या अठ्ठ्याऐंशी वर्षांची. घराण्यात मोडी वाचणारी आता तीच एक उरली आहे. कागद इतका जीर्ण, की पान उलटताना कडेचा भुगा बोटांना लागतो. म्हणून ठरविले, की वही महिनाभर इंदूरला आणावी, दोनशे बारा पाने स्कॅन करून संगणकात ठेवावीत आणि मग सवडीने आत्याकडून वाचून घ्यावीत.

घरचा संगणक भाच्याने २०२१ साली सुटे भाग आणून जुळविलेला. रायझन ५६००जी हा प्रोसेसर, बी४५० जातीचा मदरबोर्ड आणि आठ जीबीची रॅमची एकच पट्टी. पत्रव्यवहारापुरते ते पुष्कळ होते. पण वहीच्या पानांची मोठमोठी चित्रे उघडू लागताच बिचाऱ्याला धाप लागली. या प्रोसेसरला पडद्यावर चित्र उमटविण्यासाठी निराळे कार्ड लागत नाही, मात्र त्या कामाची जागाही तो याच रॅममधून घेतो. तेव्हा आणखी एक पट्टी आणणे आले.

दुकानातील तरुणाने एकच प्रश्न विचारला, “सर, डीडीआर फोर ना?” मी होकार दिला आणि त्याने पट्टी काढून दिली. एवढे विचारणे आवश्यकच होते, यात शंका नाही. डीडीआर ३ च्या पट्टीला २४० टोके असतात, डीडीआर ४ ला २८८. डीडीआर ५ लाही २८८च, परंतु खालच्या कडेची खाच दुसऱ्या जागी. त्यामुळे एका पिढीची पट्टी दुसऱ्या पिढीच्या खोबणीत शिरतच नाही. मनुष्याची एक चूक खाच टाळते. बाकीच्या चुकांना खाच नसते, हे मला मागाहून कळले.

खोक्यावर ३६०० हा आकडा ठळक छापला होता. जुन्या पट्टीवर २६६६. मोठा आकडा तो उत्तम, या बाळबोध हिशेबाने मी घरी आलो आणि नवी पट्टी जुनीच्या शेजारच्या खोबणीत बसविली. मदरबोर्डाबरोबर आलेली पुस्तिका कपाटात होती. ती काढलीदेखील नाही.

अशा विजोड पट्ट्या एकत्र आल्या म्हणजे मदरबोर्ड सामान्यतः दोघींना झेपेल अशा वेगाने चालू लागतो. वर्गात कविता एकसुरात म्हणवून घेताना सर्वांना सर्वात सावकाश म्हणणाऱ्या मुलाबरोबर चालावे लागते, तसेच हे. तिथे थांबलो असतो तर काही बिघडले नसते. परंतु ३६००चे पैसे मोजले होते! दुकानातील तरुणाने सांगितल्याप्रमाणे बायोसमध्ये शिरून एक्सएमपी नावाची योजना चालू केली. तीन वेळा पडदा काळाच राहिला. शेवटी मदरबोर्ड आपण होऊन पूर्वस्थितीवर आला. मग मी तडजोड म्हणून हाताने ३२०० हा वेग घातला, दाब १.३५ व्होल्ट केला आणि संगणक सुरू झाला.

सुरू झाला म्हणजे जमले, असे मी समजलो.

तीन आठवडे रोज संध्याकाळी स्कॅन चालले. पाने संगणकात गेली, तिथून बाहेरच्या डिस्कवर प्रतही काढली. गणपतीच्या आधी वही देवासला पोहोचती केली. दसऱ्याच्या सुट्टीत पाने क्रमाने लावू लागलो, तर त्यांपैकी सदतीस पाने बिघडलेली! कुठे अर्धे पान करडे, कुठे शाईच्या ओळींवर हिरव्या-जांभळ्या पट्ट्या, दोन-तीन तर उघडेनातच. बाहेरच्या डिस्कवर पाहिले, तीच अवस्था.

भाचा पुण्याला असतो. फोनवर त्याचा पहिला प्रश्न, “मामा, दोन्ही पट्ट्या एकाच खोक्यातल्या आहेत का?” मी निरुत्तर.

त्याने सांगितले ते असे. जुनी पट्टी २६६६ साठी तपासलेली. तिला ३२०० वर पळविले, तर ती कदाचित चालेल. पण मधूनच एखाद्या शून्याचा एक होईल. साधी रॅम अशी चूक झाल्याचे कुणाला कळवीत नाही. मोठ्या सर्व्हरमधील ईसीसी जातीची रॅम जादा बिट राखून ती हेरते, आमच्या घरगुती यंत्राला ती सोय नाही. आणि डिस्कवर जाणारे प्रत्येक पान आधी याच रॅममधून जाते. उताराच चुकला, तर त्याची नक्कल शुद्ध कुठून निघणार? त्याच्या सांगण्यावरून रात्री मेमटेस्ट८६ ही तपासणी लावली. अर्ध्या तासात पडद्यावर तांबड्या ओळी दिसू लागल्या. माझ्या उत्तरपत्रिकेवर इतकी तांबडी शाई मी प्रथमच पाहिली.

दुसऱ्या दिवशी कपाटातील पुस्तिका काढून बसलो. खोबण्या चार, पण दोनच पट्ट्या असतील तर प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या खोबणीत बसवाव्यात, असे तिथे चित्रासकट छापले होते. मी पहिल्या-दुसऱ्यात बसविल्या होत्या, म्हणजे दोघी एकाच वाटेवर. एका वाटेवरून एका खेपेस आठ बाइट जातात. ३२०० वेगाच्या रॅममध्ये सेकंदाला अशा ३२० कोटी खेपा, म्हणजे २५.६ जीबी. दोन्ही वाटा मोकळ्या मिळाल्या की ५१.२. ज्या प्रोसेसरला चित्राचे कामही याच रॅममधून करायचे, त्याचा अर्धा रस्ता मीच बंद करून ठेवला होता.

आकड्याचा मोहही तेव्हाच उतरला. वेगाबरोबर सीएल नावाचा आकडा असतो. मागितलेली गोष्ट हाती पडेपर्यंत किती ठोके थांबावे लागते, ते तो सांगतो. ३६००च्या पट्टीवर १८ होते. ३२००ची १६ची मिळते. भागाकार करून पाहिला तर दोन्हीकडे थांबणे तेवढेच, दहा नॅनोसेकंद. शिवाय या प्रोसेसरची अधिकृत मर्यादाच ३२००ची. त्यापुढे जाणे आपल्या जबाबदारीवर.

मग आठ-आठ जीबीची, एका खोक्यात आलेली, ३२०० वेगाची जोडी घेतली. घेण्यापूर्वी मदरबोर्ड कंपनीच्या तपासलेल्या पट्ट्यांच्या यादीत तिचा पूर्ण क्रमांक अक्षरन् अक्षर ताडून पाहिला. दुसऱ्या आणि चौथ्या खोबणीत, टकटक आवाज येईपर्यंत दाबून बसविली. एक्सएमपी चालू केल्यावाचून अशी पट्टी मूळच्या मंद वेगानेच चालते आणि कित्येक घरांत वर्षानुवर्षे तशीच चालत असते, म्हणून तेही केले. या खेपेस संगणक पहिल्याच हाकेला उठला. तरी विश्वास ठेवला नाही. रात्रभर तपासणी लावली. सौभाग्यवती म्हणाली, “परीक्षा चालू आहे म्हणून दारावर पाटी लावू का?” सकाळी चारही फेऱ्या पुऱ्या झालेल्या, चुका शून्य.

आज नवा संगणक घेणाऱ्यास बहुधा डीडीआर ५ घ्यावी लागेल. तिथे जोडीचे महत्त्व अधिकच. रायझन ७००० मालिकेत दोन पट्ट्यांना अधिकृत वेग ५२००चा, आणि चारही खोबण्या भरल्या तर तो ३६०० वर येतो. म्हणून पुढेमागे लागेल तेवढी रॅम आरंभीच दोन पट्ट्यांत घ्यावी; आज दोन, उद्या दोन असा संसारी विचार इथे महाग पडतो. तिथल्या एएमडीच्या योजनेचे नाव एक्स्पो, एवढाच फरक.

दिवाळीनंतर देवासला गेलो. वही पुन्हा मागताना जीभ जड झाली होती.

“यंत्र विसरले काय रे सगळे?” आत्याने विचारले.

“सगळे नाही. सदतीस पाने. आणि यंत्राची चूक नव्हती, आत्या.”

तिने वही दिली, पण घेऊन जायचे नाही, इथेच बसून कर, म्हणाली. म्हणून संगणक आणि स्कॅनर घेऊन पुढल्या रविवारी तिच्या ओसरीवर ठाण मांडले. पान उचलून काचेवर ठेवण्यापूर्वी ती ते डोळ्यांजवळ नेई आणि वाचून दाखवी. उन्हाळ्यात ती चष्म्याने सरसर वाचत असे. आता भिंगही घ्यावे लागत होते. १९४३च्या एका पानावर धाकट्या काकांच्या तापाची हकीकत होती. तीन ओळी वाचून ती एका शब्दाशी अडली. भिंग पुढे-मागे केले, पान उजेडाकडे वळविले.

“हे लागत नाही रे,” ती म्हणाली. “तू आधी उतरवून घे. मोठे करून दाखव, मग पाहू.”