रथाचा वाटा

तंजावर आणि कुंभकोणम यांना जोडणाऱ्या लोहमार्गावर पापनाशम हे लहानसे स्थानक लागते. एकशे आठ शिवलिंगांचे देवालय आणि जवळच्या तिरुप्पालैत्तुरैचे नायककालीन विटांचे धान्यकोठार ही गावाची ओळख. संगीताच्या अभ्यासकांना पापनाशम शिवन यांच्यामुळे हे नाव परिचित असते. 1855 नंतर तंजावरची भोसल्यांची गादी खालसा झाली, तरी या मुलखातील काही घरांतले मराठी बोलणे संपले नाही. अशाच एका घराच्या ओट्यावर, ज्याला तिकडे तिण्णै म्हणतात, संध्याकाळी चार मुले फोन हाती धरून युद्ध करीत बसतात. तिघे तमिळ, एक या घरचा. खेळ ‘बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया’. त्याचा पूर्वावतार पब्जी 2020 च्या सप्टेंबरात भारतात बंद झाला, 2021 मध्ये हा अवतार आला, 2022 मध्ये तोही अडवला गेला आणि 2023 मध्ये परतला.

शंभर योद्धे विमानातून एका भूभागावर उतरतात, शस्त्रे शोधतात, आणि आकसत जाणाऱ्या वर्तुळात शेवटी एकच चमू उरतो. त्या संध्याकाळी ओट्यावरचा चमू उरला. मग पडद्यावर निकालाचा तक्ता आला. चौघांत वडील असलेल्या मुलाच्या नावापुढे नऊ बळी होते. (त्याला सारे अण्णा म्हणतात, तमिळ आणि मराठी दोहोंना चालणारे हे संबोधन या ओट्यावर कोणत्या भाषेतले, हे सांगणे कठीण.) घरच्या मुलाच्या नावापुढे शून्य होते. शेवटच्या वर्तुळात जीप त्याने नेली होती.

“जीप नसती तर?” त्याने विचारले.

“जीप कुणीही चालवतो, तंबी,” अण्णा म्हणाला. “नेम धरावा लागतो.”

हा वाद या ओट्यापुरता नाही. स्टॉकहोमच्या डाइस या संस्थेने 2002 मध्ये ‘बॅटलफील्ड 1942’ या खेळात रणगाडे, विमाने आणि पायदळ एकाच मैदानात आणले, तेव्हापासून खेळाडूंचे दोन पक्ष पडले आहेत. रणगाड्यात बसून मिळवलेला विजय खेळाडूचा की रणगाड्याचा, असे एक पक्ष विचारतो. वाहन हाकणे हेच स्वतंत्र कौशल्य आहे, असे दुसरा सांगतो. निर्माते वाहनांचे बळ घटवीत-वाढवीत राहतात. 2021 च्या नोव्हेंबरात आलेल्या ‘बॅटलफील्ड 2042’ मधील हवेच्या उशीवर चालणारे एक वाहन इतके चिवट निघाले की पायदळाने त्याचा धसका घेतला, आणि थोड्याच दिवसांत त्याला दुबळे करावे लागले.

मुलांच्या खेळातली तडजोड अधिक सुबक आहे. जीप वेग देते, आडोसा देते. परंतु तिचा आवाज दुरून ऐकू जातो, चाके गोळीने फुटतात, इंधन संपते. आणि मुख्य अट ही की जो हाकतो त्याला गोळी झाडता येत नाही. मागे बसलेले झाडतात.

आतल्या खोलीतून आजोबा हे ऐकत होते. त्यांना जीपशी कर्तव्य नव्हते, पण हाकणाऱ्याचे हात रिकामे असतात हे कळताच ते बाहेर आले. 1964 चा ‘कर्णन्’ त्यांनी अनेकदा पाहिलेला. त्यातल्या नायकाला शिवाजी हे नाव मराठ्यांच्या राजाची भूमिका केल्यामुळे पडले, हे ते दर वेळी सांगतात, तसे त्या दिवशीही सांगितले. मग मुद्द्यावर आले. कर्ण बाणविद्येत उणा पडला नाही, त्याच्या रथाचे चाक रुतले. त्याने चाक काढण्यापुरता अवधी मागितला. तो मिळाला नाही.

“म्हणजे गाडीच हरली,” अण्णा हसला.

“आणि जिंकली कुणाची?”

येथे आजोबांनी शल्यपर्वातला तो प्रसंग काढला, ज्याकडे चित्रपटांचे आणि कादंबऱ्यांचे सहसा लक्ष जात नाही. युद्ध संपल्यावर कृष्ण अर्जुनाला गांडीव घेऊन आधी उतरायला सांगतो, मागाहून स्वतः उतरतो, आणि रथ त्याच क्षणी जळून भस्म होतो. द्रोण-कर्णांच्या अस्त्रांनी तो केव्हाच जळाला होता. सारथी बसला होता म्हणून तो उभा होता. व्यासांनी रथाच्या वाट्याचा हिशेब इतक्या उशिरा, विजय पदरात पडल्यावर मांडावा, यात केवळ चमत्काराची हौस आहे असे वाटत नाही. ज्याने शस्त्र न धरण्याचे वचन दिले होते, त्याच्या नावापुढे बळींची संख्या कोठून येणार?

मुले गप्प राहिली, पण निरुत्तर झाली नव्हती. अण्णाने अचूक शंका काढली: मग हा दर वेळी स्वतःहून सुकाणूच का धरतो? कधी बंदूक का घेत नाही?

उत्तर मुलाच्या हातात होते. त्याचा फोन घरातल्या वडीलधाऱ्यांनी वापरून झालेला. चकमक पेटली, चार बाजूंनी धूर उठला, की त्याचे चित्र अडखळते. तो नेम धरीपर्यंत समोरचा तेथे नसतो. चित्राची झळाळी मुद्दाम कमी ठेवून गती वाढवण्याची युक्ती त्याने केव्हाच करून पाहिली. पण ती अण्णाही करतो, नव्या फोनवर. मोकळ्या रस्त्यावर मात्र जुना फोन पुरतो. म्हणून तो वाटा शिकला: कोणत्या उतारावर जीप उलटते, कोणत्या पुलावर दबा असतो, घराच्या कोणत्या भिंतीआड ती आडवी लावावी. निर्माते जीप आणि बंदूक यांत तोल राखू शकतात. ज्या वाहनात बसून मूल त्या मैदानात उतरते, त्याची किंमत कुंभकोणमच्या दुकानात ठरलेली असते.

हे त्याने सांगितले नाही. “मला गाडी आवडते,” एवढेच म्हणाला.

अण्णाने थोडा वेळ तक्त्याकडे पाहिले, मग आपला फोन त्याच्यापुढे धरला. “एक डाव तू मार. मी हाकतो.”

मुलाने फोन घेतला. विमान पुन्हा उडाले. पहिल्याच वळणावर अण्णाने जीप झाडावर घातली आणि चौघेही जळाले. आजोबा दिवा लावायला आत गेले होते. त्यांना हसण्याचा आवाज तेवढा ऐकू आला.