ताकदीची सुई

जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत आठवडे बाजाराच्या दिवशी दवाखान्यांची बाकडी लवकर भरतात. बाजार उरकलेला असतो, पिशव्या पायाशी ठेवलेल्या असतात, एसटीला अजून अवकाश असतो. डॉक्टरांनी ‘काय होतंय?’ विचारलं की बरीच माणसं आजार सांगतच नाहीत, थेट औषध सांगतात. ‘अंगात ताकदच राहिली न्हाई, एक लाल सुई मारा.’ ही लाल सुई म्हणजे बी-१२ जीवनसत्त्वाचं इंजेक्शन. त्याचा रंग वरून घातलेला नसतो. या जीवनसत्त्वाच्या रेणूच्या मधोमध कोबाल्ट धातूचा एक अणू बसलेला असतो, तो त्याला लाल करतो. उजेडाने औषध बिघडतं, म्हणून कुपी तपकिरी काचेची.

ओतूरच्या एका माळकरी घरात जन्मलेल्या आणि मंचरला शिक्षिका म्हणून निवृत्त झालेल्या एका बाईंच्या आयुष्यात ही सुई लहानपणापासून येत-जात राहिली आहे.

ओतूरला बाबाजी चैतन्यांची समाधी आहे. तुकोबांचे गुरू म्हणून वारकरी त्यांना मानतात. मांडवीच्या काठी कपर्दिकेश्वराचं देऊळ आहे, तिथे श्रावणी सोमवारी तांदळाच्या पिंडी उभारतात आणि यात्रा भरते. अशा गावात गळ्यात माळ असणं म्हणजे ताटाचाही नेम असणं. बाईंच्या आजीने तो जन्मभर पाळला. साठीच्या आसपास तिची जीभ लाल आणि गुळगुळीत झाली, पिठलं-भाकरीसुद्धा झोंबायला लागली. चेहरा पिवळट पडला. पाण्याचा हंडा उचलला की धाप लागायची. वय झालं, असंच सगळे म्हणत होते.

गावातले डॉक्टर घरी यायचे. काचेची सिरिंज आणि सुया स्टोव्हवर उकळायच्या, त्या पाण्याकडे लक्ष ठेवायचं काम छोट्या नातीकडे असायचं. काही आठवड्यांत आजी पुन्हा जात्यावर बसली. आजी गेल्यानंतर पुष्कळ वर्षांनी त्या डॉक्टरांनी बाईंच्या वडिलांना सांगितलं, की त्या इंजेक्शनमध्ये जनावराच्या काळजाचा अर्क होता. त्या काळी तेच औषध सहज मिळायचं. माळ मोडू नये म्हणून ते गप्प राहिले होते.

बाईंना हे आजही सोसत नाही. औषधाने आजीला वाचवलं, हे त्या कधी नाकारत नाहीत. पण विचारायला हवं होतं. आजीने कदाचित होकार दिलाही असता, आणि तो तिचा होकार असता.

काळजाचा अर्क आला कुठून, याची गोष्ट मोठी आहे. १९२६ साली बोस्टनमध्ये जॉर्ज मायनॉट आणि विल्यम मर्फी यांनी मरणाच्या दारातल्या रक्तक्षयाच्या रुग्णांना रोज सुमारे पाव किलो काळीज खायला घातलं आणि ते जगले. १९३४ साली त्यांना जॉर्ज व्हिपल यांच्यासह नोबेल मिळालं. मग खाण्याऐवजी अर्क टोचणं सुरू झालं. अर्कातला नेमका गुणकारी पदार्थ, म्हणजे बी-१२, वेगळा करायला १९४८ साल उजाडलं. अमेरिकेत मर्क आणि इंग्लंडमध्ये ग्लॅक्सो या दोन कंपन्यांत ते लाल स्फटिक जवळजवळ एकाच वेळी हाती आले. त्यांची रचना डोरोथी हॉजकिन यांनी उलगडली. पुढे जीवाणू वाढवून बी-१२ तयार करता येऊ लागलं आणि काळजाची गरज संपली. आजची लाल सुई माळकऱ्यांनाही चालते.

या गोष्टीतलं एक पान मुंबईत लिहिलं गेलं. १९२८ साली लुसी विल्स ही इंग्लिश डॉक्टर गिरणीकामगार बायकांना गरोदरपणात होणाऱ्या जीवघेण्या रक्तक्षयाचा शोध घ्यायला आली आणि परळच्या हाफकिन संस्थेत काम करू लागली. तिने त्या बायका काय खातात ते पाहिलं, माकडांना तसाच आहार दिला, आणि यीस्टच्या स्वस्त अर्काने हा रक्तक्षय बरा होतो हे १९३१ साली जगाला सांगितलं. काळजाचा शुद्ध केलेला अर्क मात्र या बायकांना लागू पडला नाही. म्हणजे कमतरता दुसऱ्या कशाची तरी होती. त्या दुसऱ्या पदार्थाला आज आपण फोलेट म्हणतो. सुईकडे वळण्याआधी लुसी विल्स ताटाकडे वळली, हे बाईंना फार महत्त्वाचं वाटतं.

कारण त्यांच्या आईच्या ताटाकडे कुणीच पाहिलं नाही. घरात दोन गाई होत्या. पहाटे धारा काढायच्या, कॅन डेअरीला जायचा, मागे राहायचं ते चहापुरतं. ताक पुरुषांच्या आणि मुलांच्या वाटणीला. सोमवार, एकादशी, चतुर्थी हे उपवास वेगळेच. बी-१२ वनस्पती तयार करत नाहीत; ते जीवाणू तयार करतात, आणि गाईच्या पोटातून ते दुधात येतं. शाकाहारी माणसाला निसर्गातून मिळण्याचा भरवशाचा मार्ग एवढाच. मोठ्या माणसाला दिवसाला दोन ते अडीच मायक्रोग्रॅम लागतं आणि पेलाभर दुधात एखादा मायक्रोग्रॅम असतो. गाईची धार काढणाऱ्या बाईला तो पेला मिळत नव्हता. आई कायम थकलेली असायची. बाजारच्या दिवशी सुई घ्यायची, चार दिवस बरं वाटायचं, पुन्हा तेच.

अशा किती आया होत्या, हे शेजारच्या शिरूर तालुक्याने दाखवून दिलं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली तिथल्या सहा गावांत गरोदर बायकांचा अभ्यास सुरू केला. सुमारे दोन तृतीयांश बायकांमध्ये बी-१२ कमी निघालं. २००८ साली त्यांनी आणखी एक गोष्ट मांडली. ज्या आयांच्या रक्तात बी-१२ कमी आणि फोलेट भरपूर होतं, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्सुलिनला न जुमानण्याचं प्रमाण सर्वांत जास्त होतं. मधुमेहाची वाट तिथूनच सुरू होते. शहरी मध्यमवर्गही सुटला नव्हता. २००६ सालच्या त्यांच्या पाहणीत पुण्यातल्या मध्यमवर्गीय पुरुषांपैकी ८१ टक्क्यांना ही कमतरता होती.

गरोदर बायकांना सरकारी आरोग्य केंद्रातून मिळणाऱ्या लाल गोळीत लोह आणि फोलिक अॅसिड असतं. बी-१२ नसतं. फोलिक अॅसिडने रक्त सुधारल्यासारखं दिसतं, आणि आत मज्जातंतूंची झीज चालूच राहू शकते.

ही झीज बाईंनी स्वतःच्या पायांत अनुभवली. मधुमेहासाठी त्या बरीच वर्षं मेटफॉर्मिन घेत होत्या. पायाला मुंग्या यायच्या, रात्री तळपायांची आग व्हायची. मग चप्पल पायातून निसटलेली कळेना. साखरेमुळे होतं, असंच सगळ्यांनी धरलं होतं. मंचरला नव्याने आलेल्या एका तरुण डॉक्टरीणबाईंनी पहिल्यांदा विचारलं, ‘बाई, तुम्ही दिवसभरात खाता काय?’ मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेतल्यानेही बी-१२ कमी होतं, हे त्यांनीच सांगितलं. रक्त तपासलं तर आकडा दीडशे पिकोग्रॅमच्याही खाली होता. दोनशेच्या खाली तो गेला की कमतरता धरतात. आधी एक दिवसाआड, मग आठवड्याला, मग महिन्याला, अशी इंजेक्शनं सुरू झाली. रक्त लवकर सुधारलं. पायांना महिने लागले, आणि डाव्या अंगठ्याची बधिरता गेलीच नाही. उशीर झाला की मज्जातंतू सगळं परत देत नाहीत.

इथल्या लोकांचा सुईवरचा विश्वास आंधळा नाही. नारायणगावात डॉ. सदानंद राऊत यांनी सर्पदंशाच्या हजारो रुग्णांवर उपचार केले आहेत. शेतात साप चावलेला माणूस इंजेक्शनने उठून बसतो, हे या भागाने डोळ्यांनी पाहिलं आहे. सापाच्या विषावरचं ते प्रतिविष बनवणाऱ्यांत हाफकिनचं नाव जुनं आहे. पण विषावरची सुई तातडीची असते, आणि बी-१२ची कमतरता वर्षानुवर्षं साचत आलेली असते. मज्जातंतूंना इजा झाली असेल किंवा आतडं शोषूनच घेत नसेल, तर सुई लागतेच. बाकी पुष्कळांना हजार मायक्रोग्रॅमची रोजची गोळी पुरते, कारण तिच्यातला शंभरावा भाग जरी शोषला गेला तरी गरज भागते. तपासणीआधीच सुई घेतली, तर रक्तातला आकडा फुगतो आणि खरी कमतरता झाकली जाते. बाकड्यावर बसून मागितलेल्या सुईचं खरं नुकसान हे आहे. तिने थोडं बरं वाटतं, आणि पुढचा प्रश्न कुणी विचारत नाही.

शिरूरच्या त्या अभ्यासातली मुलं मोठी झाल्यावर, २०१२ साली, पुण्याच्या संशोधकांनी त्यांना रोज दोन मायक्रोग्रॅम बी-१२ची कॅप्सूल देऊन पाहायला सुरुवात केली. मुलगी आई होण्याआधीच तिची कमतरता भरून काढावी, हा त्यामागचा विचार. बाईंची सून गरोदर राहिली तेव्हा त्यांनी ही माहिती छापलेला कागद दवाखान्यात नेला आणि हिमोग्लोबिनसोबत बी-१२ही तपासून घ्या म्हणून आग्रह धरला. बाईंच्या घरीही एक गाय आहे. आता कॅन भरण्याआधी अर्धा लिटर दूध बाजूला निघतं, आणि ते सून समोर बसून पिते. सुनेच्या सासऱ्यांना डेअरीच्या हिशेबात ते अर्धा लिटर खटकतं. बाई दर वेळी तितक्याच ठामपणे त्यांना आकडे सांगतात.