निरीक्षणाचा रकाना

महाराष्ट्र बोर्डातून दहावी झालेल्या कुणालाही 'जर्नल' म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. वर ब्राऊन कव्हर, एका बाजूला कोरं पान, दुसऱ्या बाजूला रेघांचं. कोऱ्या पानावर पेन्सिलीने आकृती. रेघांच्या पानावर उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, निष्कर्ष. खाली सरांची सही. आमच्या वेळी विज्ञानाच्या शंभरातले २० गुण प्रात्यक्षिकाचे होते आणि आमच्या शाळेत त्या विसातले अठरा-एकोणीस बहुतेकांना मिळायचेच.

आमच्या वर्गात जर्नल प्रयोगाच्या आधीच पूर्ण व्हायचं. दिवाळीच्या सुट्टीत वरच्या वर्गातल्या कुणाचं तरी जुनं जर्नल मिळवायचं आणि उतरवून काढायचं, निरीक्षणासकट. त्यामुळे ओहमच्या नियमाच्या प्रयोगात अख्ख्या वर्गाचे व्होल्टमीटर दशांशापर्यंत एकच आकडा दाखवायचे. एकदा खरोखरच सर्किट जोडलं, तेव्हा अमीटरचा काटा भलतीकडेच जाऊन थांबला. शेजारची मुलगी म्हणाली, "काटा बिघडलाय." जर्नल बिघडलं असेल, असं कुणाच्या मनातसुद्धा आलं नाही.

यात शिक्षकांना नावं ठेवायची नाहीत. साठेक मुलं, एक प्रयोगशाळा, पस्तीस मिनिटांचा तास आणि चालू असलेले दोन अमीटर. या हिशोबात प्रयोग बसवायचा तर उत्तर आधीच ठरवून ठेवावं लागतं. पण त्यातून आम्ही एक गोष्ट पक्की शिकलो: निरीक्षण हा डोळ्यांनी भरायचा रकाना नसून उतरवून काढायचा रकाना आहे.

आता मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. इथेही कायम पास होणाऱ्या टेस्ट लिहिणारे लोक भेटतात. टेस्ट हिरवी, अ‍ॅप बंद. मला दर वेळी जर्नल आठवतं.

आणि त्याच्या उलटही काहीतरी आठवतं. त्यासाठी थोडं माहुलबद्दल सांगायला हवं.

माहुल म्हणजे चेंबूरच्या पलीकडचं, खाडीच्या काठचं जुनं कोळीवस्तीचं गाव. हिवाळ्यात खाडीच्या चिखलात फ्लेमिंगो उतरतात, त्यांचे फोटो तुम्ही इन्स्टावर पाहिले असतील. फोटोच्या चौकटीबाहेर काय असतं ते सांगतो. १९५४-५५ मध्ये इथे लागोपाठ दोन तेलशुद्धीकरण कारखाने सुरू झाले. मग वीज केंद्र आलं, खताचा कारखाना आला, तेल आणि रसायनं साठवायच्या टाक्या आल्या. रस्त्याच्या कडेला टँकरची रांग. त्यातला एक टँकर माझे बाबा चालवायचे. आम्ही गावठाणात भाड्याच्या खोलीत राहायचो, आणि आज कुठला वास आहे त्यावरून वारा कुठून येतोय ते मला सांगता यायचं. पाहुणे नाकाला रुमाल लावायचे तेव्हा आईला अपमान झाल्यासारखं वाटायचं. शाळा चेंबूरला होती. तिथली काही मुलं आम्हाला 'गॅसवाले' म्हणायची.

२०११ साली मी नववीत असताना विज्ञानाला नवे सर आले. एके दिवशी ते मिठाईच्या खोक्यांवरची पारदर्शक झाकणं घेऊन वर्गात आले. आम्ही कात्रीने त्यांचे सारखे चौकोनी तुकडे कापले. प्रत्येकावर बोटाने व्हॅसलिनचा पातळ थर दिला. सर म्हणाले, "आपापल्या घरी एका ठिकाणी तीन दिवस ठेवा. कुठे ठेवलं, जमिनीपासून किती उंच, खिडकी उघडी होती का, सगळं लिहा. काय येईल ते मला माहीत नाही."

हे शेवटचं वाक्य आम्ही कुठल्याही शिक्षकाच्या तोंडून पहिल्यांदा ऐकत होतो.

तीन दिवसांनी तुकडे ग्राफ पेपरवर ठेवून भिंगातून ठिपके मोजायचे होते. पाच चौकोनांतले मोजायचे आणि सरासरी काढायची. एक तुकडा सरांनी वर्गातच स्टीलच्या डब्यात बंद करून ठेवला होता, धूळ न लागलेला तुकडा कसा दिसतो ते कळावं म्हणून. डबा उघडला तर त्याच्यावरही ठिपके. आम्हाला वाटलं, प्रयोग फसला. सर मात्र खूश. "हे तुमच्या हातांचे, कात्रीचे, या वर्गाचे. आता प्रत्येकाच्या आकड्यातून एवढे वजा करा." वजाबाकीला काही अर्थ असतो हे मला त्या दिवशी समजलं.

पुढची गंमत अशी की सगळ्यात काळा तुकडा माहुलचा नव्हताच. तो वाशीनाक्याच्या एका मैत्रिणीचा होता. तिने तो स्वयंपाकाच्या ओट्यावर, रॉकेलच्या स्टोव्हजवळ ठेवला होता. माझा गावठाणातल्या खिडकीतला तुकडा बऱ्यापैकी मळलेला होता, पण तिच्याइतका नाही. वर्गात गोंधळ झाला. एक जण ओरडला, "म्हणजे कंपन्यांचा काही दोष नाही!" मला राग आला. रोज रात्री खिडकी बंद करून झोपणारे आम्ही, आणि आमचा तुकडा बऱ्यापैकी स्वच्छ?

सरांनी फळ्यावर दोन रकाने आखले. या तुकड्यावर काय चिकटतं? काय चिकटत नाही? पहिल्यात आम्ही धूळ, काजळी, धागे, केस असं लिहिलं. दुसऱ्यात बराच वेळ कुणीच काही लिहिलं नाही. मग मी म्हणालो, "सर, वास."

बरोबर तेच होतं. तेल आणि रसायनं साठवताना, टँकरमध्ये भरताना जी वाफ बाहेर पडते, ती व्हॅसलिनवर ठिपका होऊन बसत नाही. ती मोजायला वेगळी साधनं लागतात. आमच्या तुकड्याने माहुलची हवा चांगली आहे असंही सांगितलं नव्हतं आणि वाईट आहे असंही नाही. त्याने फक्त खाली पडणारी धूळ सांगितली होती. आणि वाशीनाक्याच्या एका घरात स्वयंपाक करणारी बाई काय श्वासात घेते, तेही सांगितलं होतं, जे आमच्यापैकी कुणी विचारलंच नव्हतं.

घरी मी हे सगळं बाबांना सांगितलं. ते जेवत होते. ते सहसा शाळेबद्दल 'पास आहेस ना?' याच्यापुढे विचारत नसत. त्या दिवशी म्हणाले, "एक मला दे." टँकरच्या केबिनमध्ये डॅशबोर्डवर त्यांनी तो तुकडा सेलोटेपने लावला. तीन दिवस पेपरमध्ये गुंडाळून न्यायचे-आणायचे, रात्री माझ्या हातात द्यायचे, सकाळी परत मागायचे. चौथ्या दिवशी मोजायला बसलो तर ठिपके मोजताच येईनात. एकात एक मिसळलेले, नुसता राखाडी पट्टा. रांगेत तासन्‌तास उभ्या असलेल्या गाड्यांचा डिझेलचा धूर होता तो. बाबांनी भिंग घेतलं, बराच वेळ बघितलं आणि काही न बोलता परत दिलं. दुसऱ्या दिवसापासून ते तोंडाला रुमाल बांधून जायला लागले.

विज्ञान प्रदर्शनासाठी आम्ही तक्ता केला. नकाशा, ठिकाणांची नावं, प्रत्येकासमोर खरा तुकडा चिकटवलेला. आदल्या दिवशी पाहणी करताना शाळेतल्या मोठ्या मंडळींनी तो पाहिला. बऱ्याच मुलांचे पालक त्याच कारखान्यांत, त्याच टर्मिनलवर कामाला. सूचना आली, गावांची नावं काढा. ठिकाण अ, ठिकाण ब, ठिकाण क असं लिहा. मैत्रिणीने पांढऱ्या कागदाच्या पट्ट्या कापून नावांवर चिकटवल्या. बाबांचा तुकडा 'ठिकाण ई' झाला. बक्षीस ज्वालामुखीला मिळालं. त्यातून धूर येत होता.

त्या सूचनेचा मला अनेक वर्षं राग होता. आता तो राग वेगळ्या रूपात आहे. ज्वालामुखी कुणालाच अडचणीचा नसतो, कारण तो चेंबूरमध्ये नाही. आमच्या तक्त्यात काय लिहिलंय यापेक्षा, मुलांनी आपल्याच घरची गोष्ट मोजली, हे जड गेलं. जर्नलमधला प्रयोग सुरक्षित असतो कारण त्याचं उत्तर सगळ्यांना माहीत असतं आणि त्याने कुणाचं काहीच बदलत नाही. दोन्हींतली एक जरी अट मोडली, की शाळेला घाम फुटतो. आणि माझ्या मते शिक्षण तिथूनच सुरू होतं.

मी इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षाला होतो तेव्हा, डिसेंबर २०१५ मध्ये, माहुल आणि आंबापाड्याच्या रहिवाशांनी केलेल्या तक्रारीवर राष्ट्रीय हरित लवादाचा निकाल आला. इथल्या हवेचा रहिवाशांच्या आरोग्याला धोका आहे, हे त्यात मान्य झालं. त्याला केईएम रुग्णालयाच्या पाहणीचा आधार होता. त्या पाहणीत सुमारे ६७ टक्के लोकांनी महिन्यातून तीनपेक्षा जास्त वेळा धाप लागत असल्याचं सांगितलं होतं. पुढे २०१९ मध्ये, तानसा जलवाहिनीलगतची घरं पाडल्यावर ज्यांना माहुलच्या इमारतींत पाठवलं, त्यांच्यावर तिथे राहायची सक्ती करता येणार नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाने म्हटलं. या दोन्हींशी आमच्या मिठाईच्या झाकणांचा काही संबंध नाही. पण निकालाची बातमी वाचताना मला 'पाहणी' या शब्दाचा अर्थ कळत होता. कुणीतरी घरोघरी जाऊन विचारलं होतं आणि जे उत्तर आलं ते लिहून घेतलं होतं. नाव न झाकता.

हाताने शिकण्याची गोष्ट निघाली की महाराष्ट्रात पाबळचं नाव येतंच. पुणे जिल्ह्यातल्या शिरूर तालुक्यातलं हे गाव. हिंदुस्तान लिव्हरच्या संशोधन केंद्रातली मोठी नोकरी सोडून डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये तिथे विज्ञान आश्रम सुरू केला. एमआयटीबाहेरच्या अगदी सुरुवातीच्या फॅब लॅबपैकी एक २००२ मध्ये तिथे आली, हे आमच्या क्षेत्रातल्या लोकांना माहीत असतं. मला मात्र त्याहून जास्त आवडतो तो तिथून शाळांमध्ये गेलेला मूलभूत तंत्रज्ञानाचा अभ्यासक्रम. आठवी ते दहावीची मुलं आठवड्यातला एक दिवस काम करतात. वेल्डिंग, वायरिंग, नळजोडणी, शेती, माती तपासणं, हिमोग्लोबिन तपासणं. प्रत्येक कामाच्या खर्चाचा हिशोब ठेवतात. आणि ही कामं गावातल्या लोकांसाठी करतात.

यातलं हिमोग्लोबिन घ्या. जुन्या जर्नलमधून ते उतरवता येत नाही. शेजारच्या काकूंचं रक्त काय आकडा देईल ते वरच्या वर्गातल्या मुलाला माहीत नसतं. आकडा कमी आला तर काकूंना सांगावं लागतं. वेल्डिंग कच्चं राहिलं तर गेट निखळतं आणि गेटवाला शाळेत येतो. कलबागांनी शाळेत यंत्रं आणली असं आपण म्हणतो. मला वाटतं त्यांनी गिऱ्हाईक आणलं.

आता शाळाशाळांत अटल टिंकरिंग लॅब आहेत. २०१६ पासून देशभरात १०,००० उभ्या राहिल्या, सरकारी शाळांसाठी आणखी ५०,००० जाहीर झाल्यात. एका लॅबला २० लाखांपर्यंत अनुदान. थ्रीडी प्रिंटर, सेन्सर, मायक्रोकंट्रोलर. आम्हाला यातलं एक बटण जरी मिळालं असतं तरी आम्ही नाचलो असतो, त्यामुळे याला नाकं मुरडणारा मी नव्हे. पण चेंबूरच्या एका शाळेत मी अधूनमधून शनिवारी जातो, तिथे पहिल्याच दिवशी पाच गटांनी पाच स्वयंचलित कचऱ्याचे डबे दाखवले. हात पुढे केला की झाकण उघडतं. पाचही एकाच यूट्यूब व्हिडिओवरून केलेले, वायरींचे रंगसुद्धा तेच. जर्नलच होतं ते, फक्त त्याला आता मोटर होती.

मी विचारलं, "हा डबा कुणाला हवाय?" कुणालाच नको होता. "मग तुमच्या घरी काय हवंय?" बराच वेळ शांतता. मग माहुलच्या त्या पुनर्वसनाच्या इमारतींत राहणारी आठवीतली एक मुलगी म्हणाली, "दादा, आमच्याकडे पाणी कधी येईल ते कळत नाही. आई रात्रभर जागते."

तिने केलं ते साधं होतं. दोन उघड्या तारा, एक ट्रान्झिस्टर, बॅटरी आणि बझर. नळाखालच्या बादलीत पाणी पडलं, तारांना टेकलं, की बझर वाजणार. लॅबमध्ये मगातल्या पाण्याने दहा वेळा वाजवून पाहिला. घरी नेऊन लावला आणि आईला झोपायला सांगितलं. पुढच्या शनिवारी तिने वही पुढे केली. जर्नलसारखेच रकाने होते. उद्देश, साहित्य, कृती. निरीक्षणाच्या रकान्यात तिने लिहिलं होतं:

'बझर वाजला नाही. पाणीपण आलं नाही. त्यामुळे बझर बरोबर आहे का ते अजून माहीत नाही. आई मधे दोनदा उठून बघून गेली.'

निष्कर्षाचा रकाना तिने कोरा ठेवला होता. मी खाली सही केली आणि नवी बॅटरी दिली.