कोऱ्या ओळीचे माहेर

कुलवृत्तांत हा मराठी कुटुंबांच्या वंशेतिहासाचा मोठा ठेवा असला, तरी त्याची मांडणी बापाकडून मुलाकडे जाणाऱ्या एकाच धारेवर उभी असते, आणि त्यामुळे लग्नाने घरात आलेल्या स्त्रीचे सासरचे नाव तेवढे नोंदले जाऊन तिचे माहेर पुष्कळदा कोरे राहते. प्रस्तुत लेखिकेच्या आईची आई अशाच एका ओळीत उरली होती. आई लहान असतानाच ती वारली आणि त्यानंतर तिच्या माहेरचे येणेजाणे तुटले. कागद संपले तेथून पुढे डीएनए चाचणीचा आधार घेण्यात आला.

ही चाचणी प्रामुख्याने लिंगनिश्चितीच्या जोडीखेरीज उरलेल्या 22 गुणसूत्र-जोड्या तपासते आणि दोन व्यक्तींमध्ये सलग सारखे असलेले तुकडे शोधते, कारण असा लांब तुकडा बहुधा समाईक पूर्वजाकडूनच दोघांकडे उतरलेला असतो. तुकड्याची लांबी सेंटिमॉर्गन या एककात मोजतात: गुणसूत्रावरील दोन बिंदू एका पिढीत परस्परांपासून तुटण्याची शक्यता शंभरात एक असेल, तर त्यांतील अंतर 1 सेंटिमॉर्गन मानले जाते. पुढे भारताचे नागरिक झालेले जे. बी. एस. हॉल्डेन यांनी 1919 मध्ये टी. एच. मॉर्गन यांच्या नावावरून हे एकक सुचवले होते.

मात्र एकाच जातीत पिढ्यान् पिढ्या विवाह होत आलेल्या, आणि काही समाजांत मामाच्या मुलीशी लग्नाची रीत असलेल्या प्रदेशात, दूरचे नातेही आकड्याने जवळचे भासू शकते. एकूण बेरीज अनेक बारीक तुकड्यांनी फुगलेली असेल तर ती जुन्या, गुंतलेल्या नात्यांची खूण असते. थोडे पण लांब तुकडे मात्र नजीकच्या पूर्वजाकडे बोट दाखवतात. म्हणून लेखिकेच्या यादीतील 10–15 सेंटिमॉर्गनच्या असंख्य जुळण्या बाजूला ठेवून परदेशस्थ, साधारण समवयस्क अशा एका स्त्रीशी जुळलेल्या 236 सेंटिमॉर्गनवर लक्ष केंद्रित करण्यात आले.

ब्लेन बेटिंगर यांनी स्वयंसेवकांच्या माहितीतून सिद्ध केलेल्या 2020 च्या तक्त्यात, एकाच पणजोबा-पणजीची पतवंडे असलेल्या दोघांमध्ये सरासरी 229, आणि कमीत कमी 41 ते जास्तीत जास्त 592 सेंटिमॉर्गन आढळतात. पण हाच आकडा इतर अनेक नात्यांतही बसतो. आईची चाचणी केली असता तिच्यात व त्या स्त्रीत 412 सेंटिमॉर्गन निघाले, म्हणजे नाते आईकडचे ठरले. आईच्या वडिलांकडील चुलतभावाला, अनपेक्षित नातेही उघड होऊ शकते याची आधी पूर्ण कल्पना देऊन, त्याच्या संमतीने तपासले, तेव्हा त्या स्त्रीचा त्याच्याशी एकही तुकडा जुळला नाही, आणि आजोबांची बाजू गळून आजीची उरली.

तरीही ते नाते मामाकडचे की मावशीकडचे, हे आकडा सांगत नव्हता. मराठीत चुलत, आते, मामे, मावस हे शब्द नाते कोणाकरवी आले ते सांगतात; सेंटिमॉर्गन फक्त अंतर सांगतो. येथे एक्स गुणसूत्राने मार्ग दाखवला. पुरुषाला एक्स गुणसूत्र केवळ आईकडून मिळते. त्या स्त्रीच्या आईशी काहीही जुळत नव्हते, म्हणजे धागा तिच्या वडिलांकडून आला होता; आणि एक्सवरही लांब तुकडा सारखा असल्यामुळे तो वडिलांना त्यांच्या आईकडूनच मिळालेला असणार होता. दोन्हीकडच्या आज्या सख्ख्या बहिणी असाव्यात, असा निष्कर्ष निघाला.

त्याला दुजोरा दिला तो भांड्यांनी. लेखिकेच्या घरी आजीच्या लग्नातला एक पितळी डबा आहे. त्यावर ठिपक्या-ठिपक्यांनी कोरलेले देणाऱ्याचे नाव चिंच आणि राखेने रोज घासून पुसट झाले होते, आणि शेवटची दोन अक्षरे तेवढी लागत होती. त्या स्त्रीच्या पुण्यातील काकूंकडे, माळ्यावर पडून राहिल्याने न झिजलेले, तिच्या आजीच्या लग्नातले घंगाळ निघाले. त्याच्या काठावर त्या आजीच्या वडिलांचे पूर्ण नाव आणि वाईजवळच्या गावाचे नाव स्पष्ट वाचता आले. डब्यावरची दोन अक्षरे त्या आडनावाची अखेरची अक्षरे होती, आणि ‘क’ची शेपटी उजवीकडे ओढण्याची कोरणाऱ्याची लकबही दोन्हीकडे एकच होती.

चाचणीने शोधाला दिशा दिली, पण माहेर सापडले ते जपून ठेवलेल्या भांड्यामुळे आणि परक्या वाटणाऱ्या माणसांनी विश्वासाने दिलेल्या उत्तरांमुळे. यांपैकी एकाच्याही जोरावर ते हाती लागले नसते. कुलवृत्तांताच्या घरच्या प्रतीत, त्या एका ओळीशेजारच्या समासात, आईने आता स्वतःच्या हाताने आपल्या आईच्या वडिलांचे नाव आणि गाव लिहिले आहे.