शब्द आणि अंगठा

गेल्या उन्हाळ्यात कर्ज काढून मी माडीवर दोन खोल्या चढवल्या आणि वयाच्या ४६ व्या वर्षी घरमालक झालो. तुम्हाला खरे सांगतो, हा शब्द स्वतःला लावून घेताना मला चोरट्यासारखे झाले. माझ्या आजवरच्या कादंबऱ्यांत घरमालक म्हणून आलेला एकही माणूस सरळ नाही. कुणी खाष्ट, कुणी कवडीचुंबक, कुणी नळाचे पाणी तोडणारा! आता त्यांच्याच पंक्तीला माझे पान मांडले गेले होते.

खोल्या बघायला एक तरुण जोडपे आले. तो कारखान्यात, ती दवाखान्यात परिचारिका. दोघेही मला आवडली. भाडे ९,००० आणि अनामत २५,००० रुपये ठरले. हिने चहा केला. रिकामा कप बशीत ठेवता ठेवता तो मुलगा म्हणाला, "सर, करार रजिस्टर करायचा ना?"

मला ते लागले. माणसे आपली मुले बिनदिक्कत माझ्या हवाली करतात, आणि काल आलेल्या या पोराला माझा शब्द पुरत नाही? "बघू," एवढेच मी म्हणालो.

शेजारच्या स्नेह्यांनी तर मला वेड्यात काढले. "मास्तर, कशाला त्या भानगडीत पडता? स्टँपपेपर आणा, ११ महिने लिहा, नोटरीचा शिक्का मारा. वर्षाच्या आतल्या कराराला रजिस्टर लागत नाही."

मलाही ते पटले. पण रात्री झोप येईना. डोळ्यांपुढे उभे राहिले ते नारायण पेठेतल्या वाड्यातले आमचे दोन खणांचे बिऱ्हाड.

वडील त्या वाड्यात बावीस वर्षे राहिले. महिन्याच्या पहिल्या तारखेला ते मालकांच्या ओसरीवर जात, भाडे ठेवीत, पान खाऊन परत येत. पावती कधी घेतली नाही. आई म्हणे, "अहो, एक चिठ्ठी तरी मागा." वडील हसत. "पावती मागायची म्हणजे त्यांना चोर म्हणायचे की!" वास्तविक १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने पावती देणे हे मालकाचे कर्तव्यच ठरवले होते. आमच्या घरात ते कुणाला ठाऊक नव्हते.

१९९१ साली मालक वारले. पुतण्या आला आणि म्हणाला, "तुम्ही भाडेकरू कुठले? काकांनी ओळखीखातर राहू दिले होते. असेल तर कागद दाखवा." वडिलांनी कोर्टाची पायरी चढली असती, तर कदाचित शेजारपाजारचे साक्षीला उभे राहिले असते. पण ज्यांचा शब्द बावीस वर्षे मानला, त्यांच्याच दारात 'मी भाडे देत होतो' हे सिद्ध करायचे, ही कल्पनाच त्यांना सोसली नाही. महिन्याच्या आत आम्ही हातगाडीवर सामान लादले. मी तेव्हा सहावीत होतो. तांब्याचा बंब गाडीत मावेना, म्हणून तो मी पोटाशी धरून चाललो होतो.

दुसऱ्या दिवशी मी कायदाच मिळवून वाचला. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. पण कायद्याची भाषा समजावून घेतली की व्याकरणासारखी असते, कर्ता सापडला की अर्थ लागतो. ११ महिन्यांची समजूत आली आहे १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यातून. वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा नोंदवलाच पाहिजे, असे तो सांगतो; म्हणून लोक एक महिना कमी लिहितात. पण महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा १९९९ चा. तो ३१ मार्च २००० पासून लागू झाला, आणि त्याच्या कलम ५५ ने ही पळवाट बुजवली. मुदत कितीही असो, 'लीव्ह अँड लायसेन्स' असो वा भाडेपट्टा, करार लेखीच हवा आणि नोंदवलेलाच हवा. या वाक्याचा कर्ता कोण? घरमालक! नोंदणी करून घेण्याची जबाबदारी त्याची. ती चुकवणाऱ्याला ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड त्या कलमात लिहिला गेला.

आणि त्याच कलमातले आणखी एक वाक्य वाचताना मी थबकलो. नोंदवलेला करार नसेल, तर कोणत्या अटींवर घर दिले याबाबत भाडेकरूचे म्हणणे खरे धरावे. ते खोटे असल्याचे सिद्ध होईपर्यंत! वडिलांचे म्हणणे एकदा तरी कुणीतरी असे खरे धरायला हवे होते.

खर्च तरी किती? एकूण भाडे आणि अनामतीवरचे १० टक्क्यांनी धरलेले व्याज यांवर शेकडा पाव रुपया मुद्रांक शुल्क. आमचे अडीचशे-तीनशे रुपये. शहरात नोंदणीचे १,०००. एवढ्यासाठी मी त्या मुलाला 'बघू' म्हणालो होतो.

मग एजंट यंत्र घेऊन घरीच आला. दोन ओळखदार बसले. त्या मुलाचा ठसा झटक्यात उमटला, माझा उमटेना. पुसला, ओला केला, पुन्हा दाबला. "खडूने रेषा झिजल्यात, सर," एजंट म्हणाला. मला हसू आले. जन्मभर पोरांना 'अंगठेबहाद्दर राहू नका' म्हणून सही शिकवली, आणि आज कायदा माझा अंगठा मागत होता! चौथ्या खेपेला तो लागला.

पहिल्या महिन्याचे भाडे त्या मुलाने माझ्या खात्यावर पाठवले. मी वहीचे पान फाडून पावती लिहिली आणि वर नेऊन दिली.

"सर, हिची काही गरज नव्हती. बँकेत नोंद आहेच की."

"असू दे," मी म्हणालो. "आमच्याकडे एक द्यायची राहिली होती."

त्याला काही ते कळले नाही. मीही सांगितले नाही.